जव्हारचं लग्न आणि मध्येच गप्प बसणारी गाडी

जव्हारला जायचं ठरलं ते भारतीच्या लग्नासाठी, आणि स्वतःच्या गाडीने जायचं ठरलं ते शिरीषच्या हट्टासाठी. शिरीष म्हणजे माझा नवरा. भारती ही त्याच्या ऑफिसातल्या काशिनाथ भोये यांची मुलगी. भोयेभाऊजींचं घर जव्हार तालुक्यातल्या जामसरला. आम्ही राहतो नाशिकला, आणि मी तिथल्या एका शाळेत सातवीला गणित-विज्ञान शिकवते. नाशिकहून त्र्यंबक, तोरंगणचा घाट, मोखाडा आणि मग जव्हार असा सरळ रस्ता आहे. एसटी आहे, त्र्यंबकपासून पुढे शेअरची जीप आहे. मी तेच सुचवलं होतं. कारण आमची गाडी गेल्या महिन्यापासून जरा विचित्र वागत होती.

म्हणजे ती चालता चालता गप्प बसायची. धूर नाही, आवाज नाही, आचके नाहीत. एखादा माणूस बोलता बोलता एकदम थांबावा आणि छताकडे बघत राहावा, तसं. आणि त्याच क्षणी समोर दिव्यांची आरास लागायची. लाल बॅटरी, लाल तेलाची झारी, पिवळं इंजिन, शिवाय एक उद्गारचिन्ह, ज्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही माहीत नव्हता. किल्ली फिरवली की गाडी पुन्हा सुरू. जणू काही झालंच नाही.

"गाडी पंधरा वर्षांची आहे. या वयात असं होतंच," शिरीष म्हणाला.

"दहावीतली मुलंसुद्धा या वयात अशीच करतात, पण मी त्यांच्या भरवशावर घाट उतरत नाही," मी म्हणाले.

मग त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. ऑनलाइन मागवलेलं काडेपेटीएवढं यंत्र. ते स्टिअरिंगखाली खोचायचं, मोबाइलवर ॲप उघडायचं, की गाडी आपले आजार स्वतःच सांगते म्हणे. ॲपमध्ये मराठीचा पर्यायही होता. शिरीषने तो मोठ्या अभिमानाने निवडला.

सकाळी लवकर निघालो. एप्रिल संपत आला होता, त्यामुळे ऊन चढायच्या आत घाट पार करावा हा विचार. तुम्हीही उन्हाळ्यात जाणार असाल तर हेच करा. त्र्यंबकपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, आणि तिथवर गाडीही गुणी बाळासारखी वागली. गाडीत शिरीषचा पेनड्राइव्ह लावलेला होता. त्यातलं पहिलं गाणं म्हणजे त्याच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात त्याने स्वतः म्हटलेलं भावगीत. सुरुवातीला "नमस्कार मंडळी, आज घसा जरा बसलाय, सांभाळून घ्या," असं त्याचं निवेदनही आहे. हे का सांगतेय ते पुढे कळेल.

तोरंगणचा घाट लागला. दोन्ही बाजूंना वाळलेला साग, मध्येच एखादा पळस, आणि खाली दरीत उन्हाने पांढरी पडलेली खाचरं. एका वळणावर रस्ता उखडलेला होता. गाडी खड्ड्यात आपटली आणि गप्प, गाण्यासकट. आरास लागली. ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग जात्यासारखं जड. मी कशीबशी कडेला घेतली. (ज्यांच्या गाड्या अशा वागतात त्यांच्यासाठी: इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लागतो, फक्त पाय जोरात दाबावा लागतो. घाबरून किल्ली पूर्ण बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.)

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि तिच्याबरोबर, "नमस्कार मंडळी, आज घसा जरा बसलाय..."

शिरीषने मोबाइल बघितला. "हं. सापडलं."

"काय म्हणतंय?"

त्याने वाचलं, "चुकीची आग संशयित. वायुपिशवी उदास आहे. कृपया विक्रेत्यास भेट द्या."

त्या घाटात गाडी आणखी तीनदा की चारदा थांबली, आणि प्रत्येक वेळी शिरीषचा घसा नव्याने बसला. एकदा मागून शेअरची जीप आली. आतली माणसं कमी आणि टपावरची जास्त. ड्रायव्हर थांबला, खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "पेट्रोलमध्ये कचरा आलाय." जीपमधले एक चष्मेवाले गृहस्थ, हातातल्या फाइलवरून मोखाड्याला तहसील कचेरीत चालले असावेत, ते म्हणाले, "एकदा बंद करून पुन्हा चालू करा."

"ती स्वतःच बंद होतेय हो," मी म्हटलं.

"मग अर्धं काम झालंच," ते गंभीरपणे म्हणाले, आणि जीप निघून गेली.

मोखाड्यात त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. सुकी मासळी, मिरच्या, पत्र्याच्या पेट्या, प्लास्टिकच्या चपला, आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं. आम्ही दोन द्रोण घेतले. गरम भजी आणि चहा घेतला. बाजाराच्या दिवशी आलात तर गाडी बस स्टँडच्या अलीकडेच लावा, आत शिरलात तर संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाही. करवंदं विकणाऱ्या बाईने आमच्या उघड्या बॉनेटकडे बघून सांगितलं, "तापलीय. सावलीत बांधा तिला." तिने सुचवलेल्या जागी आधीच एक बैल बांधलेला होता.

तिथे एक गॅरेज सापडलं. दुचाकीचं. चालवणारा तरुण प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, माझा हात मोटरसायकलवर बसलाय. पण बघतो." त्याने बॅटरीच्या तारा घासल्या, नटबोल्ट आवळले, प्लग काढून पुसले. मग गाडी घेऊन बाजारापलीकडच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर चक्कर मारली. गाडी फुलासारखी चालली. दवाखान्याच्या पायरीवर पोटदुखी थांबते ना, अगदी तसं.

"गाडी एकदम ओके आहे," तो म्हणाला. मग जरा घुटमळून विचारलं, "तुमचं दोघांचं काही भांडण वगैरे झालंय का?"

मोखाड्यापासून जव्हारपर्यंत आणखी काही वेळा थांबलो. जव्हार गाव मात्र उंचावर, टुमदार, आणि संध्याकाळी वारा सुटतो. हनुमान पॉइंटवरून दरी बघितली, राजवाडा बाहेरूनच बघितला, कारण आत जायची वेळ टळून गेली होती. लॉज साधा पण स्वच्छ मिळाला. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. जव्हारमध्ये पेट्रोलची टाकी भरून घ्या, आतल्या गावांत पंप मिळेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जामसरला पोहोचलो, तर लग्नघरात सगळे हवालदिल. मांडव तयार, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचं चित्र, म्हणजे चौक, काढून झालेला, मोठ्या पातेल्यांत भात चढलेला, भारती हळदीने पिवळीधमक. पण धवलेरी आली नव्हती. आमच्याकडे लग्नाला भटजी लागतात, तशी इकडच्या लग्नाला धवलेरी लागते. ही गाणी म्हणणारी बाई असते. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. या लग्नाची धवलेरी म्हणजे जानीआजी, वांगणीला राहणारी. तिला आणायला जाणारी जीप नवऱ्याकडच्या मंडळींना घेऊन येताना अडकली होती. नवरदेव मंडळी निम्म्या वाटेवर होती. भोयेवहिनी पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या.

"आता कोण जाईल वांगणीला?" भोयेभाऊजी म्हणाले. ते विचारत नव्हते, नुसते पुटपुटत होते.

"आमची गाडी आहे की!" शिरीष म्हणाला.

मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने वर्गात मुलं आपोआप बाकावर उभी राहतात. पण तोपर्यंत वहिनींनी माझे दोन्ही हात धरले होते. "बाई, तुमीच आमची लाज राखा." मी गाडीकडे वळले.

वांगणी म्हटल्यावर मोबाइलच्या नकाशाने आम्हाला बदलापूरजवळची वांगणी दाखवली, म्हणून आधीच सांगते. ही वांगणी वेगळी, वावर नावाच्या गावाजवळची. नकाशावर विसंबू नका, विचारत जा. रस्ता म्हणजे कुठे डांबर, कुठे खडी, कुठे नुसती आठवण. अर्धी घरं बंद होती. वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं अजून परतली नव्हती. अंगणांतून मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोडसर वास गाडीत भरला. आणि दर दहा-पंधरा खड्ड्यांनंतर, "नमस्कार मंडळी, आज घसा जरा बसलाय..."

जानीआजी दारात तयारच उभी होती. किडकिडीत, ताठ, हिरवं लुगडं, हातात पिशवी. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू चालवतेस?"

"हो आजी."

"आणि हा काय करतं?" शिरीषकडे बोट.

"हे यंत्र बघतात."

"मंग त्याला मागं बसव."

आजी पुढे बसली, शिरीष आपल्या काडेपेटीसह मागे गेला. निघालो. पहिल्या नाल्यातच गाडी थांबली. सुरू केली, गाणं लागलं. आजीने कान टवकारले.

"हा कोण रडतंय?"

"ते माझे मिस्टर गातायत, आजी."

तिने मागे वळून शिरीषला नीट न्याहाळलं. "बंद कर. माना माझी गाणी आठवायची हायत. दोन घराण्यांचे देव घ्यायचे, एक जरी हुकला तरी रुसतं." (माना म्हणजे मला.)

गाणं बंद केलं. आजी डोळे मिटून गुणगुणायला लागली. एकाच पट्टीतली, डुलणारी चाल. मला शब्द फारसे कळत नव्हते, पण कुणाची तरी नावं एकामागून एक येत होती, डोंगरांची असावीत. मग एकदम थांबली.

"हे काय वाजतं?"

ऐकलं तर किल्ल्यांचा जुडगा. आमच्या गाडीत किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला लावावी लागते, आणि त्या किल्लीला शिरीषने सगळा संसार लटकवलेला आहे. घराची दोन कुलपं, कपाटं, सासूबाईंचं घर, सोसायटीची गच्ची, ऑफिसचा ड्रॉवर, एक पितळी घंटा, एक छोटी टॉर्च आणि कुठल्या तरी लग्नात वाटलेला बाटली उघडायचा चिमटा. प्रत्येक खड्ड्याला तो जुडगा छण्ण करून हलत होता.

"माझा ताल मोडतं," असं म्हणून आजीने हात लांबवला आणि सगळा जुडगा मुठीत गच्च धरला. आणि गात राहिली.

मी पुढे बघून चालवत राहिले. नाले आले, दगड आले, एका उतारावर तर गाडी बसलेल्या उंटासारखी उठली. आजीचा हात माझ्या गुडघ्याशी, तिचं गाणं माझ्या कानाशी. मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या, त्या वर बघून हात करायच्या आणि आजी डोळे न उघडताच मान हलवायची. माझी मानही त्या चालीवर डुलायला लागली. बऱ्याच वेळाने शिरीष मागून दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, थांबली नाही गं एकदाही!"

"बोलू नकोस. दृष्ट लागेल."

"पण ॲप म्हणतंय, वायुपिशवी अजून उदास आहे."

जामसरचा मांडव दिसला. नवरदेवाची मंडळी पोहोचली होती. ताशे वाजत होते, सगळे रस्त्यावर येऊन आमची वाट बघत होते. आजीने जुडगा सोडला, पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली. मांडवाच्या तोंडाशी पाण्याचा पाइप आडवा गेला होता. चाक त्यावर चढलं, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर गाडी गप्प. आरास लागली.

मी किल्ली फिरवायच्या आत दहा-बारा गडी धावले आणि ताशाच्या तालावर गाडी ढकलत थेट मांडवात घेऊन गेले. नवऱ्यामुलाची अशी मिरवणूक झाली नसेल. आजी शांतपणे उतरली. भोयेवहिनींनी तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात गाडीच्या टायरवरही घातलं.

लग्न सुरू झालं. आजी भिंतीवरच्या चौकासमोर बसली आणि तिने सूर लावला. गाडीत गुणगुणलेलं तेच, पण आता सगळं घर त्या आवाजाखाली शांत झालं होतं. भारतीने मान खाली घातली आणि तिच्या डोळ्यांतून हळदीवर टिपं गळायला लागली. वहिनीही रडत होत्या, पण आता वेगळं रडू.

मी जेवायच्या पंगतीत बसले होते, आणि डोक्यात गणित चाललं होतं. पेट्रोलमध्ये कचरा असेल तर गाडी बंद पडेल, पण गाणं का बंद पडेल? गाणं पेट्रोलवर चालत नाही. प्रत्येक वेळी गाडीबरोबर गाणंही तुटत होतं आणि शिरीषचं निवेदन पहिल्यापासून लागत होतं, म्हणजे प्रत्येक वेळी वीजच क्षणभर जात होती. बॅटरीच्या तारा तर मोखाड्यात आवळल्या होत्या. गुळगुळीत रस्त्यावर काही होत नाही, खड्ड्यात होतं. आणि सगळ्यात वाईट रस्त्यावर, आजीला आणताना मात्र काहीच झालं नाही, कारण...

मी भाताचा घास हातात घेऊनच उठले. "शिरीष, चल."

"अगं, जिलबी येतेय!"

"चल म्हणते ना."

गाडी सुरू केली. उभी गाडी, सपाट जमीन. जुडगा बोटाने हलकेच हेलावला. फट. गाडी बंद, दिव्यांची आरास. पुन्हा सुरू केली, पुन्हा हेलावला. पुन्हा बंद. मग जुडगा तळहातावर उचलून धरला आणि शिरीषला बाहेरून गाडी गदागदा हलवायला सांगितली. इंजिन गुरगुरत राहिलं.

"किल्लीच्या आतला स्विच झिजलाय," मी म्हणाले. "तुझा संसार त्याला लोंबकळतो. खड्डा आला की तो सगळा भार झोका घेतो आणि आतला संपर्क सुटतो. दिवे लागतात म्हणून गाडी बंद पडत नाही रे, गाडी बंद पडते म्हणून दिवे लागतात. इंजिन थांबलं की ते लागायलाच हवेत. तेवढा एकच भाग बिचारा आपलं काम चोख करतोय."

शिरीषचा विश्वास बसेना. त्याने स्वतः करून बघितलं. बंद. पुन्हा करून बघितलं. बंद. मग भोयेभाऊजी आले, त्यांनी करून बघितलं. नवऱ्यामुलाचे मामा आले. ताशेवाले आले. "अठं हात लावलं का मरतं?" "माना पण दाव!" असं करत रांगच लागली. प्रत्येक जण जुडग्याला टिचकी मारायचा, गाडी मरायची, सगळे हसायचे, मी पुन्हा सुरू करायची. शेवटी नवरदेव स्वतः मुंडावळ्या सावरत आला. त्याने टिचकी मारली, गाडी मेली, आणि मी किल्ली फिरवली तर नुसतं टक्-टक्-टक्. या वेळी बॅटरी खरोखरच उतरली होती.

पुन्हा ढकलाढकली. या खेपेला नवरदेवही ढकलायला होता, आणि भारती दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडीने एक उचकी दिली आणि सुरू झाली. जुडगा मी शिरीषच्या गळ्यात घातला. आता गाडीला नुसती एक किल्ली, बाकी काही नाही.

संध्याकाळी जव्हारला परतताना जानीआजीला सांगितलं, "आजी, तुमच्यामुळे रोग सापडला."

ती पुढे बसून पान लावत होती. "रोग? माना वाटलं तुझी गाडी लाजरी हाय. नव्या माणसाला बघून थांबतं." तिला जव्हारला तिच्या लेकीकडे सोडलं. उतरताना तिने शिरीषच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू गाऊ नको. पण माणूस चांगला हायस."

परतीच्या दिवशी दाभोसा बघायचा होता. धबधबा म्हणून गेलात तर एप्रिलमध्ये नुसता कातळ आणि एक लाजरी धार दिसते. आम्ही तरी तासभर सावलीत बसलो. पावसानंतर या. मग जव्हार, मोखाडा, तोरंगण. एकाही खड्ड्यात गाडी थांबली नाही. मोखाड्याला दुचाकीच्या गॅरेजपाशी मुद्दाम थांबून त्या तरुणाला कारण सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि आम्हाला थंड सरबत पाजलं. "म्हणजे भांडण नव्हतंच," तो म्हणाला. मी म्हटलं, "आता सुरू होईल. जुडगा यांचा आहे."

नाशिकला आल्यावर नेहमीच्या गॅरेजमध्ये स्विच बदलून घेतला. अर्ध्या दिवसाचं काम. जुना स्विच मेकॅनिकने हातावर ठेवून दाखवला, आत पितळ घासून गुळगुळीत झालं होतं. वायुपिशवीचं, म्हणजे एअरबॅगचं, दुखणं मात्र खरोखरच वेगळं निघालं, सीटखालची एक तार सैल होती. तेवढं एक ॲप खरं बोललं होतं, हे शिरीष मला रोज एकदा ऐकवतो.

तर जावं का जव्हार-मोखाड्याला जुन्या गाडीने? जावं. किल्ली मोकळी ठेवून जावं, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात, आणि रस्ता माणसांना विचारावा. या प्रवासाने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर राजवाडा किंवा दरी आधी आठवत नाही. वांगणीची ती वाट आठवते, जेव्हा मी दिव्यांकडे बघायचं विसरले आणि रस्त्याकडे बघितलं. गेली पंधरा वर्षं ती गाडी चालवतेय, पण एवढी निवांत कधीच चालवली नव्हती. आणि तीही आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रस्त्यावर, बिघडलेली.

आणखी एक सवय लागली आहे. किल्ली अर्धी फिरवली की सगळे दिवे एकदम लागतात ना, बॅटरी, झारी, इंजिन, उद्गारचिन्ह, आणि मग आपापल्या वेळी विझतात. प्रत्येक गाडीत, रोज सकाळी. इतकी वर्षं मी ते कधी बघितलंच नव्हतं. आता थांबते. काही लागलीच विझतात, काही इंजिन सुरू होईपर्यंत रेंगाळतात. मग शाळेला निघते.

परवा शिरीष शेजारी बसला होता. म्हणाला, "अगं निघ की. काय बघत बसतेस?"

"थांब जरा," मी म्हटलं. "हजेरी चाललीय."